तात्यांची धामण

दि. १२ एप्रिल २०२६, रविवार

प्रिय मित्रा,

पाडव्याला तुझा फोन वाजला तेव्हा मी हातात घेऊन बसलो होतो, पण उचलला नाही. रागावू नकोस. जे सांगायचंय ते बोलताना माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून लिहितोय. इकडं सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे होते तसेच.

बांधावरची धामण वाळली हे आक्कानं सांगितलंच असेल. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर तिला पालवी फुटली नाही. पहिल्या पावसाळ्यात आम्ही म्हणालो, उशिरा फुटेल. दुसऱ्यात, गेल्या सप्टेंबरात, तू टीव्हीवर पाहिलंसच मराठवाड्यात काय पाऊस झाला ते, तेव्हा ती नुसती भिजत उभी होती. आता तुझा हिस्सा घेतलेले पाव्हणे बांध सरळ करायला जेसीबी आणणार म्हणतात. ते झाड माझ्या सातबाऱ्यात आहे म्हणून आजवर थांबलेत.

महिनाभरापूर्वी तात्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "नातू उन्हाळ्यात येणाराय. त्याला त्या धामणीचं धनुष्य करून दे. माझा हात चालत नाही आता." मी हो म्हणालो. लेका, तात्यांना नाही कोण म्हणणार? पण घरी आलो आणि रात्रभर डोळा लागला नाही. डोळ्यांसमोर तुझी भुवई, डावी.

तात्यांचा नियम तुला पाठ आहे. उभं वाळलेलं घ्या, आडवं पडलेलं घेऊ नका. उभ्या झाडाला वारा लागतो, ऊन लागतं, पाणी खाली निथळतं. जमिनीला टेकलेल्या लाकडात ओल धरून राहते, आणि बुरशीला ओलच लागते. नियम खरा आहे. पण उभं म्हणजे चांगलंच, असं नाही. दोन पावसाळे साल अंगावर ठेवून उभं राहिलेलं झाड आतून काय झालंय ते बाहेरून कळत नाही. साल गळून पडली असती तर लाकडाला चिरा गेल्या असत्या, पण ते कोरडं तरी झालं असतं. सालीखाली ओल कोंडते आणि किड्यांना आयतं घर मिळतं.

तर मी शिडी घेऊन गेलो. तात्या हट्टानं आले. मोतीबिंदूमुळं त्यांना धड दिसत नाही, पण बांधावर खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "तू ठोक, मी ऐकतो." मी कुऱ्हाड उलटी धरली आणि बुंध्यापासून सुरुवात केली. खाली ढब ढब, ओल्या मातीच्या भिंतीवर मारावं तसा आवाज. "पोकळ," तात्या म्हणाले. कमरेएवढ्या उंचीवर तेच. डोक्याच्या वर सुतार पक्ष्यानं पाडलेलं भोक होतं आणि त्यात पिंगळ्याची जोडी. मी ठोकलं तशी एक मान बाहेर आली, माझ्याकडं रागानं बघून परत आत. भोक पडलं तिथं लाकूड मऊ, हे तर पोरालाही कळतं. "वर चल," तात्या म्हणाले. "अजून वर. अजून." आणि ती आपल्या झोपाळ्याची फांदी, अंजनाच्या बाजूला सरळ गेलेली, तिच्यावर ठोकल्याबरोबर टण्ण. तात्या खुर्चीत ताठ झाले. "हां! हीच."

त्यांना वाटलं काम झालं. मला नाही वाटलं, आणि यावरून आमचा वाद झाला. आवाजानं पोकळी कळते, चिवटपणा गेलाय का ते कळत नाही. बुरशी लाकडातले धागे खाते तेव्हा सुरुवातीला वजन फारसं घटत नाही, रंगही फारसा बदलत नाही, ठोकलं तरी घणघणतं. तसल्या लाकडाची खुर्ची केली तर एकवेळ टिकेलही. धनुष्याचं तसं नाही. ओढलं की पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ताणली जाते, आपल्याकडचं पोट दाबलं जातं, आणि तेही शेकडो वेळा. धागा मेलेला असेल तर ते आधी कुरकुरतही नाही. सरळ तुटतं, आणि तुटतं तेव्हा अर्धं तोंडावर येतं. हे मी तुला काय सांगू!

फांदी उतरवली. वनरक्षकाला आधी विचारलं होतं, तो म्हणाला बांधावरची आहे, न्या. पाव्हण्यांना हातापाया पडून सांगितलं की पिंगळ्याची पिल्लं उडेपर्यंत बुंधा राहू द्या. त्यांनी मानलं. माणसं वाईट नाहीत रे, तू जमीन विकलीस त्याचा राग मी त्यांच्यावर काढत होतो.

सालीखाली भुंग्यानं कोरलेल्या नागमोडी वाटा होत्या, पिठासारख्या भुशानं भरलेल्या. वरचं पांढरं लाकूड नखानं दाबलं तर नख रुतलं. मन खट्टू झालं. वाकस घेऊन ते पांढरं सगळं तासून काढलं तेव्हा आतला तांबूस गाभा लागला. तिथं नख रुतेना. वासही स्वच्छ, वाळल्या लाकडाचा, कुबट नाही. एका टोकाला गाठीपाशी मात्र पेन्सिलीनं ओढावी तशी काळी बारीक रेघ दिसली. ती बुरशीची. तिथून वीतभर मागं कापून टाकलं, तरी रेघ होतीच. मग आणखी वीतभर. उरलं सव्वाचार फूट.

पुढची युक्ती पोडावरच्या, कोलामांच्या वस्तीवरच्या, बाबांची. कापून टाकलेल्या टोकातून आणि चांगल्या भागातून करंगळीएवढ्या जाड काड्या करवतीनं न कापता फोडून काढायच्या, म्हणजे धागा अखंड राहतो, आणि हातानं मोडून बघायच्या. टोकाकडची काडी वाकलीच नाही. खडूसारखी तुटली, तुटल्या जागी सपाट. चांगल्या भागातली वाकली, खूप वाकली, मग चर्र करत फाटली आणि तुटूनही अंबाडीसारख्या लांब धाग्यांनी एकमेकींना धरून राहिली. मी तीन ठिकाणच्या तीन काड्या मोडल्या. तिन्ही तशाच. रंधा मारला तर ढलपी लांब निघाली, गुंडाळी होऊन, चुरा झाली नाही. बाबा म्हणाले, कर.

आणि तेव्हाच, गड्या, ती खडूसारखी काडी हातात असताना मला माळ्यावरचं ते आठवलं. १९८८ च्या पोळ्याचं आपलं धनुष्य. त्याचा अर्धा तुकडा माझ्याकडं आहे. होता, तुला कधी सांगितलं नाही. काढला, पुसला, तुटलेली बाजू उजेडात धरली. सपाट. एकही धागा बाहेर नाही.

आपण अडतीस वर्षं भांडतोय. मी म्हणायचं तू दोरी आखूड बांधलीस म्हणून तुटलं, तू म्हणायचं मी जास्त ओढलं. तात्यांनी दोरीसाठी तुला मारलं, भुवईतून रक्त येत असताना. मी शेजारी उभा होतो. ते लाकूड मी आणलं होतं, आणि मी सांगितलं होतं की उभं वाळलेलं आहे. नव्हतं. नाल्यात आडवं पडलेलं होतं, अर्धं चिखलात. पोळा दुसऱ्या दिवशी, मला डोंगरावर जायचा कंटाळा आला होता. धुऊन, चुलीजवळ वाळवून आणलं. तुझी दोरी बरोबर होती. आज तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला कळव."

म्हणून हे पत्र.

तुझी नाशिकला बदली झाली म्हणे. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार. मोठीचा दहावीचा पेपर कसा गेला विचारायचं राहून गेलं, तिला म्हणावं काकाला फोन कर. आक्का लोणचं पाठवतेय, बरणी नीट बघून घे, मागल्या खेपेसारखी तेलानं पिशवी माखायची नाही.

तर धनुष्य. टोकांना फेविकॉल फासून तो दांडा मी घरात तुळईवर ठेवलाय, उन्हात नाही. बाहेरून वाळलेलं दिसलं तरी आत ओल असते आणि ओल्या लाकडाचं धनुष्य एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. दर रविवारी दुकानाच्या काट्यावर वजन करतो. पहिल्यांदा १ किलो ८२० ग्रॅम भरलं, मग १ किलो ७४०, मग १ किलो ७००, मग १ किलो ६९०. आज १ किलो ६९०. घटायचं थांबलं. उद्यापासून वाकसाला लागतो. पाठीला एकच अखंड धागा ठेवणार आहे, टोकापासून टोकापर्यंत. पोटाकडून थोडं थोडं काढत धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकेपर्यंत रोज बघणार. ताण पाच-सहा किलोच्या वर जाऊ देणार नाही. आणि पहिल्या शंभर वेळा ते झाडाला बांधून लांबून दोरानं ओढणार, मग स्वतः ओढणार, मग तात्यांच्या हातात देणार. त्यात कुठं बारीकशी आडवी सुरकुती जरी उठली तरी चुलीत घालीन आणि तात्यांना तोंडावर सांगेन. पोराच्या हातात देणार नाही.

एक काम कर. पोराला भिंतीला पाठ लावून उभा कर, दोन्ही हात पसरायला लाव आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घे. धनुष्य किती ओढलं जाईल ते त्या मापावरून ठरवायचंय. टेपनं मोज, अंदाजानं नको. आणि या खेपेला दोरी तूच बांध, मी बांधणार नाही.

तुझा,
नाल्यापलीकडचा