फेसमधील त्या घराचे आभार

मोरोक्कोतील फेस शहराची जुनी मदिना, म्हणजे तटबंदीच्या आतली जुनी वस्ती, १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांत मोटारी शिरत नाहीत. सामान गाढवे आणि खेचरे वाहतात, आणि हाकणाऱ्याने ‘बालाक’ (बाजूला व्हा) अशी आरोळी दिली की वाटसरूने भिंतीला चिकटायचे असते. तसे चिकटतानाच माझ्या मैत्रिणीचा घोटा मुरगळला.

शुक्रवारच्या नमाजाची वेळ असल्याने दुकाने बंद होत होती, तरीही एका तरुणाने आपल्या हातगाडीवर तिला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत आणले, आणि तेथील एका आजींनी आम्ही कोण, कुठल्या, हे विचारण्याआधीच आम्हाला घरात घेतले. त्यांची दारिजा, म्हणजे मोरोक्कोतील बोली अरबी, आम्हाला कळत नव्हती आणि आमचे फ्रेंच जेमतेम होते, पण पायाला पट्टी बांधायला भाषा लागली नाही.

शुक्रवार म्हणजे कुसकुसचा दिवस. वाफवलेल्या रव्याच्या त्या दाण्यांवर भोपळा, गाजर, सलगम आणि चणे रचलेले एकच मोठे ताट मध्ये आले. मैत्रीण शाकाहारी आहे हे खुणांनी कळताच (कोंबडीची नक्कल मी केली, ती बरी वठली असावी) आजींनी ताटातील मांसाखालचा भाग टाळून तिच्यासाठी आधी वेगळे वाढले. मग उंचावरून ओतलेला, फेसाळ पुदिन्याचा चहा झाला, तोही तीनदा.

पैसे पुढे करताच आजींनी उजवा हात छातीवर ठेवून मान हलवली. त्यांना आणि परतताना पुन्हा गाडी घेऊन आलेल्या त्या तरुणाला आम्हा दोघींचे मनःपूर्वक आभार.