धूरशोधकाची बॅटरी काढू नका

महोदय,

स्वयंपाकघरात धूरशोधक लावला की तो उठसूट कोकलतो आणि वैतागून माणूस त्याची बॅटरीच काढतो. आमचा महिनाभर फ्रिजवर पडून होता! स्वयंपाकघरात हवा उष्णताशोधक, साधारण ५८ अंश सेल्सिअसला वाजणारा. धूरशोधक झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये, छताच्या मधोमध लावावा. वायरलेस शोधक एकमेकांशी जोडले, की एक वाजताच सगळे वाजतात आणि बंद दाराआड झोपलेल्यालाही जाग येते. जोडणी खरंच झाली का, हे महिन्यातून एकदा बटण दाबून प्रत्येक खोलीत ऐकावे. जाळीवरची धूळही काढावी. थोड्या-थोड्या वेळाने बारीक ‘टिक्’ ऐकू आले तर बहुधा बॅटरी संपत आलेली असते. १० वर्षांनी मात्र यंत्राच्या मागच्या बाजूची तारीख पाहून ते अख्खेच बदलावे.

– एक वाचक