पंचेचाळीस मिनिटांची बाजू

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं आणि मी आधी शेवटचं पान उघडलं. यादी तिथेच असणार हे माहीत होतं. जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचे सात अल्बम आवडीच्या क्रमाने, प्रत्येकापुढे तुझी एकेक खवचट टीप. पहिला 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड', दुसरा 'फॉक्सट्रॉट', तिसरा 'द लॅम्ब'. इथपर्यंत ठीक. आणि 'नर्सरी क्राइम' सहावा! वर शेरा काय, तर 'गुणी पोरांचा सराव'. अरे, त्यातल्या 'म्युझिकल बॉक्स' गाण्याला सराव म्हणणाऱ्या माणसाशी मी इतकी वर्षं मैत्री कशी टिकवली?

उत्तरादाखल मी माझी यादी लिहायला बसलो. 'नर्सरी क्राइम' पहिला, 'ट्रिक ऑफ द टेल' दुसरा, 'ट्रेसपास' तिसरा, आणि तुझे लाडके दोन्ही चौथ्या-पाचव्या जागी. म्हणजे तू आणि मी कॉलेजात भांडायचो ती जशीच्या तशी यादी. इतक्या वर्षांत एकही अल्बम जागचा हलला नाही, याची मला जरा लाज वाटली. मग ठरवलं की या खेपेला आठवणीवर लिहायचं नाही. सगळं क्रमाने, मध्ये न उठता ऐकायचं. चार रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री एक गोष्ट लक्षात आली, तीच सांगण्यासाठी हे पत्र.

तू मला भरून दिलेली कॅसेट आठवते? नव्वद मिनिटांची. एका बाजूला 'फॉक्सट्रॉट', दुसऱ्या बाजूला 'सेलिंग इंग्लंड'. आतल्या कार्डावर तुझ्या मुंगीसारख्या अक्षरात सगळ्या गाण्यांची नावं. ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. आता साधा हिशेब कर. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. 'फॉक्सट्रॉट' ५१ मिनिटांचा आहे आणि 'सेलिंग इंग्लंड' जवळजवळ ५४. तू गाणी उतरवलीस, नावं लिहिलीस, आणि बेरीज केलीच नाहीस.

तुझ्याकडे मूळ रेकॉर्ड होत्या. तू 'सेलिंग इंग्लंड' शेवटपर्यंत ऐकलास. मी कॅसेट खट् करून थांबेपर्यंत ऐकला. तिथेच अल्बम संपतो असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

आधी 'फॉक्सट्रॉट'चं बघ. 'सपर्स रेडी' हे तेवीस मिनिटांचं, सात भागांचं गाणं. ते सुरू होईपर्यंतच बाजूवरची २८ मिनिटं गेलेली असतात. उरतात सतरा. म्हणजे माझी टेप संपायची ती सहाव्या भागात, 'अपॉकॅलिप्स इन ९/८' मध्ये, टोनी बँक्सचा ऑर्गन नुकता तापलेला असताना. खाली रदरफोर्डचा बास नऊ मात्रांचा एकच आकृतिबंध धरून बसलेला, वर बँक्स त्याला न जुमानता आपल्या हिशेबाने वाजवतोय, ड्रमर कॉलिन्स दोघांच्या मधून वाट काढतोय. आणि खट्. माझ्या लेखी 'सपर्स रेडी' म्हणजे एक भलामोठा चढ होता, ज्याला माथाच नव्हता. म्हणून मी तुला म्हणायचो की या गाण्यात उगाच ताणलंय, पोचत कुठेच नाही. तू चिडायचास. आता कळतंय का चिडायचास ते.

कारण माथा पुढच्या सहा मिनिटांत आहे. त्या ऑर्गनवर गायक गेब्रियलचा आवाज चढतो ती जागा. बँक्सने तो भाग निव्वळ वाद्यांचा म्हणून मनात धरला होता, गेब्रियलने त्यावर गाऊन टाकलं, आणि आधी कपाळाला आठी घातलेल्या बँक्सलाही ते पटलं. मग पहिल्या भागातली चाल परत येते, दुसऱ्या भागातली परत येते, आणि सुरुवातीला दिवाणखान्यात बसलेलं जोडपं थेट बायबलातल्या नव्या जेरुसलेमपाशी पोचतं. आपल्याकडे तान कितीही भटकली तरी समेवर आल्याशिवाय दाद देत नाहीत. मी वीस-बावीस वर्षांचा असताना समेच्या आधीच उठून जाणारा श्रोता होतो, आणि वर गायकाला नावं ठेवत होतो.

तू म्हणशील, नंतर सीडी आल्या, तेव्हा ऐकलं नाहीस का? ऐकलं की. पण कान एकदा वळण घेतो तो घेतो. टेप जिथे थांबायची तिथे माझं लक्ष आपोआप सुटायचं. उरलेलं ऐकायचो ते पुरवणीसारखं. मत आधीच झालेलं होतं.

'सेलिंग इंग्लंड'ची गोष्ट याहून वाईट. 'सिनेमा शो' सुरू होतं तेव्हा ४१ मिनिटं झालेली असतात. म्हणजे अकरा मिनिटांच्या त्या गाण्यातली मला पहिली चारच मिळाली. बारा तारांच्या गिटारी, संध्याकाळी सिनेमाला निघालेले रोमिओ-ज्युलिएट, मग ग्रीक पुराणातल्या टायरेसियसची ओळ. आणि तुझ्या कार्डावर तर शेवटचं नाव 'आइल ऑफ प्लेंटी' असं होतं! तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की टायरेसियसचा तुकडा म्हणजेच 'आइल ऑफ प्लेंटी'. एकदा तुझ्यासमोर मी त्या 'आइल ऑफ प्लेंटी'तल्या गिटारीचं कौतुक केलं होतं आणि तू माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं होतंस. आठवतं? तेव्हाच विचारायचं होतंस.

परवा रात्री मी अंधारात बसून पुढची सात मिनिटं ऐकली, ऐकली म्हणजे या वेळी खरंच लक्ष देऊन. गाणं संपतं आणि सात मात्रांचा तो लांबलचक भाग सुरू होतो. रूपक समजून हातावर मोजायला गेलास तर फसशील, इथे खालीबिली काही नाही, नुसती धाव आहे. बँक्सच्या एआरपी सिंथेसायझरचा तो किंचित नाकातला स्वर एकेक चाल काढतो, ती रुजते न रुजते तोच दुसरी. गिटारवादक हॅकेट त्यात जवळजवळ नाहीच. बँक्स, रदरफोर्ड आणि कॉलिन्स, तिघंच. चार वर्षांनी, गेब्रियलच्या मागोमाग हॅकेटही बँड सोडून गेल्यावर जे त्रिकूट उरलं, त्यांनी १९७८ च्या अल्बमचं नावच 'आता उरलो तिघे' अशा अर्थाचं ठेवलं. ते त्रिकूट इथे १९७३ मध्येच ऐकू येतं. गेब्रियलचे जेनेसिस आणि कॉलिन्सचे जेनेसिस असे दोन संसार मानून आपण जे वाद घातले, त्यांतली निम्मी हवा या सात मिनिटांनी काढून घेतली.

आणि मग खरा 'आइल ऑफ प्लेंटी'. जेमतेम दीड मिनिटाचा. अल्बमच्या सुरुवातीला गेब्रियल एकटा, वाद्यांशिवाय, आपला देश कुठे गेला म्हणून विचारतो, तीच चाल इथे शेवटी परत येते. फक्त आता शब्दांत सुपरमार्केटांची नावं दडलेली आहेत आणि मागे वाणसामानाचे भाव पुकारले जातायत. पाउंडातला श्लेष, वजनाचा आणि चलनाचा, या दीड मिनिटात मिटतो. ज्या अल्बमचं नाव मी इतकी वर्षं घेत होतो, त्याच्या नावाचा अर्थ माझ्या टेपवर नव्हताच! हसावं की तुला पकडून बडवावं ते कळेना.

आता तिसरा धक्का. 'ट्रिक ऑफ द टेल' मी स्वतःच्या पैशांनी घेतला होता, कंपनीची कॅसेट, अख्खी. गेब्रियल गेल्यावर बऱ्याच गायकांच्या चाचण्या घेऊन शेवटी ड्रमरलाच पुढे उभं केलं, आणि १९७६ च्या फेब्रुवारीत तो अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, हे सगळं तुला पाठ आहे. त्याच्या शेवटी 'लॉस एंडॉस' विरत जातं, तेव्हा अगदी मागून कॉलिन्स सूर्यात उभ्या असलेल्या देवदूताबद्दल काहीतरी म्हणतो. मला ती ओळ जिवापाड आवडायची. नव्या गायकाची नवी कल्पना म्हणून मी तुला तिचा दाखलाही द्यायचो. ती 'सपर्स रेडी'च्या शेवटच्या भागातली आहे रे! गेलेल्या मित्राला मागे वळून केलेला हात आहे तो. माझ्याकडे हात होता, मित्र मात्र तुझ्या कॅसेटीबाहेर राहिला होता.

आता कळलं ना 'नर्सरी क्राइम' माझ्याकडे पहिला का? तो ३९ मिनिटांचा आहे. एका बाजूत आरामात बसतो. 'ट्रेसपास' ४३ चा, तोही बसतो. माझी यादी नीट बघ, जे जे पूर्ण ऐकायला मिळालं ते वर आहे आणि जे जे तुटलं ते खाली. ज्याला मी माझी रसिकता समजत होतो ती बरीचशी टेपची लांबी होती. ('द लॅम्ब' तर ९४ मिनिटांचा, तो तू भरून देण्याच्या फंदातच पडला नाहीस. त्याबद्दल आभार. माझ्या यादीत तो नाही याचं कारणही बहुधा तेच. त्यातल्या न्यूयॉर्कच्या राएल नावाच्या पोराची भटकंती मी नंतर दोनदा पूर्ण ऐकली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या रेकॉर्डवर वाट चुकलो. यात दोष कॅसेटचा नाही.)

मात्र एवढ्यावर 'नर्सरी क्राइम' खाली सरकवशील तर तसं नाही हं. मुद्दाम तोही परत ऐकला. हॅकेट आणि कॉलिन्स दोघेही या टोळीत नवे, १९७१ चा ऑगस्ट, बँडच्या मागे ब्रिटनमध्ये अजून फारसं कोणी नाही. इटलीत मात्र लोक वेडे झाले, आणि इटलीची चव चांगली होती असं माझं प्रामाणिक मत आहे. 'म्युझिकल बॉक्स'मध्ये लहानग्या हेन्रीचं डोकं सिंथिया क्रोकेच्या दांड्याने उडवते, मग तो संगीताच्या पेटीतून परततो आणि एका खोलीत बघता बघता म्हातारा होतो. व्हिक्टोरियन बालकथेच्या पोटात किती भीती असते, ते या पंचविशीही न गाठलेल्या पोरांना बरोबर कळलं होतं. शेवटी गेब्रियल म्हाताऱ्याच्या आवाजात ओरडतो तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. हॅकेट उजव्या हाताची बोटं गिटारच्या मानेवर आपटून स्वर काढतो तेही इथलंच. गिटारवादक व्हॅन हेलनच्या नावावर ती युक्ती खपते, पण त्याचा पहिला अल्बम १९७८ चा. सरावात असं होत नसतं. शेरा मागे घे.

आणि तुझ्या पहिल्या नंबराला मी आता मान देतो, पण त्यातल्या 'बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट'सकट नाही. जवळजवळ बारा मिनिटं नुसता शब्दांचा चेंगराचेंगरीचा कारभार. खाली संगीत सुंदर चाललंय आणि वर गेब्रियल गुंडांची नावं, सोंगं, आवाज काढत सुटलाय, श्वास घ्यायला जागा नाही. आणि या लांबीचा आणखी एक तोटा मला आता कळला. त्या रेकॉर्डची दुसरी बाजू २८ मिनिटांच्या वर जाते. एवढं भरायचं म्हणजे खाचा जवळ जवळ कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. म्हणजे तुझ्या रेकॉर्डवरही 'सिनेमा शो' जरा दबूनच वाजत असणार. 'एपिंग फॉरेस्ट' पाच मिनिटांचं केलं असतं तर तुझ्या रेकॉर्डला श्वास मिळाला असता आणि माझ्या टेपवर 'सिनेमा शो' जवळजवळ पूर्ण मावला असता. इतका सरळ हिशेब आहे.

त्याच अल्बममधल्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'बद्दल लिहीत नाही. त्यावर आपलं कधी भांडण झालंच नाही. गेब्रियलने बासरीवर वाजवलेली चाल हॅकेट गिटारवर परत घेतो, तिथे आपण दोघेही गप्प बसायचो, तेवढं पुरे.

बाकी किरकोळ. 'विंड अँड वदरिंग' तू पाचवा ठेवलास, मी त्याला वर चढवायच्या विचारात आहे. हॅकेटचा शेवटचा स्टुडिओ अल्बम, आणि त्याची गाणी कशी मागे ढकलली जात होती ते माहीत असल्यावर त्यातली गिटार जास्त ऐकू येते. 'ड्यूक' तू यादीतच घेतला नाहीस, हा निव्वळ हट्ट. १९८० पासूनचं पुढचं काही तुझ्या घरात शिरत नाही हे मला माहीत आहे, तरी 'ड्यूक'च्या शेवटी सुरुवातीची चाल कशी परत येते ते एकदा ऐक. ही मंडळी शेवटी सुरुवातीकडे वळल्याशिवाय राहत नाहीत, आणि ती नेमकी जागा मला आत्ता आत्ता सापडतेय.

तर माझी नवी यादी अशी: 'नर्सरी क्राइम' आणि 'सेलिंग इंग्लंड' दोघेही पहिले. दोन पहिले चालत नाहीत असा नियम तूच काढला होतास, त्यामुळे तो मोडायला मजा येतेय. 'फॉक्सट्रॉट' लगेच खाली. पुढचं ठरलेलं नाही, अजून दोन रात्री हव्यात.

ती कॅसेट काल परत लावली. आवाज आता पाण्याखालून आल्यासारखा येतो, पण 'सिनेमा शो'पर्यंत गेली. चार मिनिटं, आणि खट्. गंमत म्हणजे त्या जागी मला आता पुढची सात मिनिटं डोक्यात ऐकू आली.

एक प्रश्न राहतो, त्याचं खरं उत्तर हवं. रेकॉर्ड वाजत असताना टेप थांबली की ते खट् खोलीत सहज ऐकू येतं. दोन्ही बाजूंना दोनदा झालं असणार. तू तिथे होतास का? की सुई ठेवून झोपला होतास?

तुझा,
कॅसेटवाला