सर क्लाइव्ह, त्या अर्ध्या चांगल्या चिपांबद्दल आभार

आदरणीय सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांस,
सप्रेम नमस्कार.

१६ सप्टेंबर २०२१ला तुम्ही लंडनमध्ये गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे ठाऊक असूनही लिहितोय, कारण ज्यांनी तुमची यंत्रं वापरली त्यांनी तरी हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं.

तुम्ही शाळा संपवून विद्यापीठात गेला नाहीत. रेडिओच्या मासिकात लिहिलंत, १९६१मध्ये सिंक्लेअर रेडिओनिक्स ही कंपनी काढलीत. सुरुवातीच्या त्या काळात कारखान्यांनी नापास ठरवलेले ट्रान्झिस्टर स्वस्तात घ्यायचे, एकेक पुन्हा तपासायचा आणि जो जितकं काम करतो तितकं त्याला देणारं सर्किट आखायचं, असा तुमचा खाक्या होता. वीस वर्षांनी तोच खाक्या स्पेक्ट्रम या तुमच्या घरगुती संगणकात उतरला. ही गोष्ट मला इलेक्ट्रॉनिक्स शिकताना कळली आणि तेव्हापासून तुमच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

ती अशी. एप्रिल १९८२मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला तेव्हा १६ केबी (किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना होता. बीबीसी मायक्रो या दुसऱ्या घरगुती संगणकाचं मॉडेल बी त्या वेळी ३९९ पौंडांना मिळत होतं. १६ केबीच्या वरची ३२ केबी मेमरी एवढ्या स्वस्तात बसवायची कशी? ६४ किलोबिटच्या चिपा बनवताना काहींचा एकच अर्धा भाग नीट चालायचा. अशा चिपा तुम्ही कमी भावात घेतल्यात. वरचा अर्धा चांगला की खालचा, हे बोर्डावरच्या एका छोट्या तारेने ठरवायचं, आणि प्रत्येकीचा चांगला अर्धा ३२ किलोबिटचा, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून अशा आठ चिपा मिळून बरोबर ३२ केबी! माझी आई हंगामाच्या शेवटी डागी आंबे स्वस्तात आणून, डाग कापून, घरभर पुरेल इतका रस काढायची. तुमचं ते बोर्ड पाहिलं की मला तिची आठवण येते.

आमच्या घरी स्पेक्ट्रम आला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स परवान्याने इथे विकत असलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', तोही वापरलेला. तोवर तुम्ही संगणकाचा धंदा ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला विकूनही टाकला होतात. शाळेत संगणक होते, पण एका पडद्यापुढे आम्ही घोळक्याने उभे असायचो आणि कीबोर्डला हात लावायला मिळणं हे नशीब. वडिलांच्या पगारात पीसी घेणं अशक्यच होतं. तुमच्या यंत्राला मात्र वेगळं काहीच घ्यावं लागलं नाही. पडदा म्हणून घरातला कृष्णधवल टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला गाण्यांचा टेपरेकॉर्डर. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जायचं, म्हणून दर थोड्या वेळाने कॅसेटवर उतरवून ठेवायची सवय लागली. ती अजून आहे.

लोक म्हणतात, सिंक्लेअरने स्वस्त करायला सगळीकडे कात्री लावली. कात्री लावलीत हे खरं, पण कुठे लावली ते पाहावं. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग दिला असता तर त्यातच २४ केबी गेली असती, म्हणजे अर्धं यंत्र. त्याऐवजी ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीला दोनच रंग, आणि सगळा पडदा ६,९१२ बाइटमध्ये. म्हणून खेळांत माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग बदलायचा. त्यावर लोक चिडायचे. मला तो हिशोब समजला त्या दिवशी कळलं की मेमरी कुणाला तरी द्यायची म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी घ्यायची असते. त्याआधी झेडएक्स८० या तुमच्या जुन्या संगणकातल्या वीसेक चिपांचं काम तुमच्या माणसांनी पुढच्या झेडएक्स८१मध्ये चारांवर आणलं होतं. त्याचा जोडून मिळणारा संच ६९ पौंड ९५ पेन्सला होता, घरी सोल्डर करणाऱ्याला ४९ पौंड ९५ पेन्सला.

माझं सगळ्यात मोठं देणं मात्र वेगळंच आहे. स्पेक्ट्रम चालू केला की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायची. एकही दार बंद नव्हतं. मेमरीतल्या ठरावीक जागी आकडा ठेवणारी 'पोक २२५२८' ही आज्ञा आणि पुढे एखादा आकडा टाकला की पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट बदलायची. आमच्या टीव्हीवर नुसती राखाडी छटा बदलायची, पण मेमरीतला तो बाइट मी माझ्या हाताने बदलला होता! तो आनंद कुठल्याही खेळात नव्हता. पुढे पोटापाण्यासाठी मी एम्बेडेड प्रणालींचं, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचं, काम करू लागलो. तिथे आजही काही किलोबाइटांत संसार करावा लागतो, आणि आजही मी आधी मेमरीचा नकाशा कागदावर काढतो.

पैसे भरून महिनोन्महिने यंत्राची वाट पाहणाऱ्या ब्रिटिश गिऱ्हाइकांचा राग खरा होता. तुमचा क्यूएल संगणक घाईने जाहीर झाला, सी५ ही विजेवरची तीनचाकी रस्त्यावर टिकली नाही, हेही खरं. पण या गोष्टींनी तुमची ओळख संपवावी हे मला मान्य नाही. ज्या घरांत संगणक येणारच नव्हता त्या घरांत तो आला, ५० लाखांहून अधिक स्पेक्ट्रम विकले गेले, आणि हे घडलं कारण किंमत हीच तुम्ही आराखड्याची पहिली अट मानलीत. आधी यंत्र आणि मग किंमत, हा क्रम तुम्ही उलटा केलात.

यातले निम्मे आभार तुमच्या सहकाऱ्यांचे आहेत, ते तुमच्यामार्फत पोचवतो. झेडएक्स८० आणि ८१ घडवणारे जिम वेस्टवुड. स्पेक्ट्रमचं हार्डवेअर करणारे रिचर्ड अल्टवासर. एका रबरी चटईतून अख्खा कीबोर्ड साधणारे रिक डिकिन्सन. आणि स्टीव्हन व्हिकर्स, ज्यांनी बेसिक तर लिहिलंच, शिवाय सोबतचं पुस्तकही लिहिलं. स्पेक्ट्रम प्लसबरोबर पातळ, रंगीत पुस्तिका यायची. व्हिकर्स यांचं जुनं पुस्तक मला झेरॉक्स करून मिळालं. ते काहीच येत नसलेल्याला हाताशी धरून सुरुवात करतं आणि शेवटी मेमरीचा नकाशा आणि मशीन कोडपर्यंत, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या भाषेपर्यंत, नेऊन सोडतं. वाचणारा मूर्ख आहे असं ते एकाही पानावर धरत नाही. व्हिकर्ससाहेब, तुमचे वेगळे आभार.

आपला ऋणी,
स्पेक्ट्रमवर प्रोग्रॅमिंग शिकलेला एक मराठी अभियंता