शनिवारी मिरजेत हवास

कुपवाड, सांगली

गड्या, सप्रेम सलाम.

नाताळच्या कार्डाखेरीज मी कधी लिहीत नाही, त्यामुळे काहीतरी अडलंय हे पाकीट बघूनच तू ओळखलं असशील. फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून पत्र. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, आईचा गुडघाही.

चर्चच्या गायनपथकातल्या आपल्या टेनरचा चेक न वटता परत आलाय. हो, तोच, कॅरल राउंडला गिटार घरी विसरून येणारा. चार लाख वीस हजारांचा. आकडाही शोधून काढलाय लेकानं! बेदाण्याच्या व्यापाराला लागणारी पंधरा किलोची खोकी सीझनभर माझ्याकडूनच नेली. (खोकी बनवतो म्हटलं की २०२२ पासून लोक भलतंच हसतात, ते दुःख वेगळंच.) बिलं साचत गेली, मीही मंडळीतला माणूस म्हणून गप्प बसलो. मग दिवाळीचं झिरो पेमेंट आलं. सौदे बंद ठेवून व्यापाऱ्यांनी आडत्यांची सगळी येणी चुकती करायची, त्यात त्याचा हातातला पैसा गेला. खोकेवाल्यासाठी कोण सौदे बंद ठेवणार?

वकील म्हणतात, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेक न वटल्याचं कलम १३८. तारीख हुकली की दिवाणी दावा लावायचा आणि निकाल नातवंडांनी ऐकायचा.

वकिलाकडे गेल्याचं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. रविवारी उपासना सुटल्यावर आवारात खांद्यावर हात टाकून म्हणतो, "पौलानं करिंथकरांना काय लिहिलंय? भावानं भावाला कोर्टात खेचायचं?" पहिलं पत्र, सहावा अध्याय, तोंडपाठ. बायबल क्विझला पहिला कोण यायचा आठवतंय ना? त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नाडले का जात नाही, हे सातवं वचनही म्हणून दाखवलं आणि तिथंच थांबला. आठव्यात पौल उलटून विचारतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, तेही भावांना. ते वचन त्याच्या बायबलात छापायचं राहिलं असावं. आणि त्याआधी, प्रभूची प्रार्थना चालू असताना, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" याला त्याचा सूर असा लागला की मला खोकला आला.

हसून घे. पण खरं सांगतो, रात्री झोप नाही. पैसे एकट्या माझे असते तर कदाचित सोडलेही असते. कदाचितच, तू मला ओळखतोस. पण त्यात कागदाच्या मिलची उधारी आहे, बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठी उचललेलं कर्ज आहे आणि शनिवारचा पगार आहे. स्टिचिंगवरच्या मावशी पगार घेतात, दोनदा मोजतात, भिशीची नोट वेगळी काढून ब्लाउजात ठेवतात आणि उरलेले पदराच्या गाठीत. मागच्या शनिवारी मी म्हटलं, "निम्मे सोमवारी देतो." काही बोलल्या नाहीत. गाठ मात्र तिथंच उभ्यानं सोडून पुन्हा बांधली. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, ते मला कुणी खांद्यावर हात टाकून सांगत नाही. टेनरवर प्रेम करायचं आणि त्याचा हप्ता मावशींनी भरायचा, हे कुठलं प्रेम?

पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कारखान्यात रोज सकाळी सगळ्यांची प्रार्थना घे, मार्ग निघेल. वर बासेल मिशनचं उदाहरण दिलं: १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, ख्रिस्ती झाल्यावर घरादाराला आणि धंद्याला मुकलेल्यांच्या हाताला काम मिळालं. उदाहरण मला पटतं, आपल्या वॉनलेसवाडीतल्या जुन्या घरावर मंगळुरी कौलंच होती. पण माझ्याकडची माणसं खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहतात आणि मी पेढे वाटतो. पगार देणाराच डोळे मीट म्हणाला तर उघडे कोण ठेवील? मी आपला शटर उघडायच्या आधी केबिनमध्ये एकटा बसतो. हल्ली "प्रभू" म्हटलं की पुढे चार लाख वीस हजारच येतात.

तू म्हणशील, हा पहिल्यापासून असाच, प्रार्थना कमी आणि हिशेब जास्त. झेरॉक्सच्या दुकानात अख्ख्या कॉलेजला उधारीवर नोट्स काढून देताना तू मला हेच ऐकवलं होतंस. दुकान कुणामुळे बसलं यावर माझं मत बदललेलं नाही.

आता काम. मत्तयच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकट्यानं जाऊन बोलायचं. ते झालं, चहा पिऊन आलो. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं, मग मंडळीपुढे. मंडळीपुढे नेलं तर त्याच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडेल, ते मला नको. सोबत न्यायला तू हवास. तुझ्यापुढे तो वचनं म्हणणार नाही, कारण क्विझची तयारी तूच करून घ्यायचास. माझं म्हणणं एवढंच: आत्ता एक लाख रोख, बाकीचे नवा बेदाणा बाजारात आल्यावर हप्त्यांनी, आणि तसं लिहून नवे चेक. नोटीस टाइप करून ड्रॉवरमध्ये आहे. मुदत बुधवारी संपते. शनिवारी जमलं नाही तर सोमवारी स्पीड पोस्टानं जाईल, मग पौल काय म्हणेल ते म्हणो.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन की सांत्वन ते भेटीत ठरवू. धाकटीची बारावी ना यंदा? वहिनींना सलाम.

शुक्रवारी कोयनेनं ये. मिरजेलाच उतर, स्टेशनवर घ्यायला येतो. आणि त्याच्यासमोर झेरॉक्सचा विषय काढायचा नाही.

तुझा,
खोकेवाला