सोनू, तीन देश नको गं, एकच कर

प्रिय सोनू,

काल रात्री तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्लॅन बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला, मग मी परत चष्मा लावून स्वतः वाचला. १३ नोव्हेंबरला निघायचं, सिंगापूर तीन दिवस, मलेशिया दोन, थायलंड तीन, २१ ला घरी. फोनवर बोलायला घेतलं की छोटू रडतो नाहीतर तुझी मीटिंग लागते, म्हणून सगळं लिहूनच काढतेय, मुलं झोपली की वाच. आम्हा दोघांना सोबत नेताय याचा आनंद काय सांगू, बाबांनी तर माळ्यावरची बॅग पण खाली काढली. पण सोनू, तीन देश नको गं. फक्त सिंगापूर कर, पाच रात्री, आणि तिथून सरळ घरी.

का म्हणतेय ते सांगते. १९९८ च्या मे महिन्यात आपण हीच ट्रीप केली होती, हेच तीन देश, ग्रुप टूरने, आणि तू तेव्हा पाच वर्षांची होतीस म्हणजे आत्ता तुझी रेवा आहे तेवढीच. बाबांनी एफडी मोडली होती त्यासाठी. पहिल्यांदाच परदेश, परत कधी जायला मिळेल माहीत नाही, त्यामुळे पैसे भरलेत तर सगळं बघायचंच असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. रोज सकाळी सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथले सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन! हे गणित मला तेव्हा सुचलंच नाही. तुला साडेतीनला उठवून, केस विंचरून, बसमध्ये कोंबून दिवसभर फिरवलं, दुपारची झोप नाही, आणि संध्याकाळी नाईट सफारीला नेलं. ट्राममध्ये बसल्या बसल्या तुझी मान पडली. मी तुला हलवून हलवून उठवत होते, अगं सिंह बघ, अगं परत दिसणार नाही, तू जोरात रडायला लागलीस आणि मी सगळ्यांसमोर तुला रागावले. बाबांनी तुला माझ्याकडून घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

काल अल्बम काढून बघितला. मलेशियाचे अकरा फोटो आहेत, त्यातल्या नऊ फोटोंत तू बाबांच्या खांद्यावर झोपलेली आहेस. गेंटिंगला, त्या डोंगरावरच्या ठिकाणी, तुला ताप होता, सगळे वर गेले आणि आपण दोघी बसमध्ये बसून राहिलो, टूरवाल्यांना थांबता येत नव्हतं. बँकॉकचं तर मला स्वतःलाच काही आठवत नाही. तू हट्ट करत नव्हतीस सोनू, तू दमली होतीस, आणि हे मला कळायला तुला स्वतः आई व्हावं लागलं. त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कधी बोलले नाही एवढंच.

म्हणून आता एक सुचवते, जावईबापूंना पण वाचून दाखव. मुलांचं घड्याळ बदलूच नका! पाच दिवसांसाठी कशाला बदलायचं? रेवा घरी सातला उठते, तिथे साडेनऊला उठू दे. नाश्ता करून अकराला बाहेर पडायचं, तीन साडेतीनपर्यंत फिरायचं आणि हॉटेलवर परत. घरी दोघं दोन वाजता झोपतात ना, ते तिथे साडेचार होतात, आणि नोव्हेंबरात तिथे दुपारनंतर विजा कडाडून धो धो पाऊस येतो बऱ्याचदा, तेव्हा आपण खोलीत असलेलंच बरं. मग सहा-सातला परत बाहेर, ताजेतवाने. गार्डन्स बाय द बे मधल्या त्या उंच सुपरट्रीचा लाईट शो पावणेआठला असतो (फुकट आहे), तो मुलांच्या घड्याळात सव्वापाचला पडतो. आणि नाईट सफारी सव्वासातला उघडते म्हणजे मुलांचे पावणेपाच, या वेळी कुणी झोपणार नाही. रात्री बारापर्यंत जागली तरी त्यांच्या हिशोबाने साडेनऊच वाजलेत.

त्यामुळेच तुझी ती रात्रीची फ्लाईट मला पटत नाही. मुंबईहून साडेपाच तासांची फ्लाईट, म्हणजे मुलांना धड झोप नाही, सकाळी साडेसातला उतरणार तेव्हा पोरांचे पहाटेचे पाच वाजलेले, आणि हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोन-तीनला! तेवढा वेळ दोन झोपाळू मुलं घेऊन लॉबीत काय करणार? दिवसाची फ्लाईट बघा, चार पैसे जास्त गेले तरी. नाहीच मिळाली तर हॉटेलचं बुकिंग आदल्या रात्रीपासून करा, पहिली रात्र खोली रिकामी राहील पण पोचल्या पोचल्या आडवं होता येईल. ह्या एका गोष्टीवर पैसे वाचवू नकोस.

आणि छोटूचं तिकीट नीट बघ. तो १९ नोव्हेंबरला दोन वर्षांचा होतोय, तुमचा प्लॅन २१ चा. दोन पूर्ण झाले की इन्फंट (मांडीवरच्या बाळाचं) तिकीट चालत नाही, परतीला स्वतंत्र सीट लागते, आणि काही एअरलाईन्स तर जाता-येताचं दोन्हीकडचं चाईल्ड तिकीटच घ्यायला लावतात. १८ ला परतलो तर हा प्रश्नच येत नाही. एवढं मोठं मूल मांडीवर घेऊन बसणं सोपं नाही हे मला कळतं, पण चार मांड्या आहेत, आळीपाळीने घेऊ. विमान उतरायला लागलं की त्याला बाटली नाहीतर पाण्याचा घोट दे, कान दुखत नाहीत.

बघायचं काय, तर रोज एकच मोठी गोष्ट. एक दिवस झू. एक दिवस गार्डन्स बाय द बे, तिथे लहान मुलांचं वेगळं गार्डन आहे, पाण्यात खेळायचं, त्याला तिकीट नाही पण सोमवारी बंद असतं म्हणून वार बघून ठरव आणि कपड्यांचे दोन जोड घे. एक दिवस बोटॅनिक गार्डन, ते १८५९ चं आहे आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, मला स्वतःला ते फार बघायचंय, १९९८ ला बसमधून नुसतं दाखवलं होतं. युनिव्हर्सल स्टुडिओला तुम्ही दोघं रेवाला घेऊन जा, बऱ्याच राईडना उंचीची अट आहे तर तिला कुठल्या चालतात ते आधी बघून ठेवा नाहीतर तिथे गेटवर रडारड होईल. छोटू आमच्याकडे राहील. एक संध्याकाळ तुम्ही दोघंच पण जा कुठेतरी, मी मनापासून सांगतेय, लग्नानंतर तुम्ही दोघं कुठे गेलाच नाहीत. चांगी विमानतळावरच्या ज्वेल मॉलमधला तो धबधबा, चाळीस मीटरचा, २०१९ ला सुरू झाला, तो निघायच्या दिवशी ठेवू. बॅगा आधी चेक-इन करून, पासपोर्ट कंट्रोलच्या अलीकडेच बघून घ्यायचा.

हॉटेल एमआरटीच्या (तिथली मेट्रो) स्टेशनला लागून बघ, बाबांच्या गुडघ्यासाठीसुद्धा. सगळीकडे लिफ्ट आहे, स्ट्रोलर आत नेता येतो, नव्वद सेंटीमीटरच्या खालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पण गाडीत काही खायचं प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड आहे, तर छोटूला बिस्किट हातात देऊन चढू नकोस. आणि ॲपवरून खाजगी गाडी मागवली तर लहान मुलांना चाईल्ड सीट लागतेच, साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. सीट सोबत नसेल तर टॅक्सीच कर.

जेवणाची काळजी करू नको. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, शुद्ध शाकाहारी, इडली आणि दहीभात मिळाला की दोघं खातील. १९९८ ला तू तिथेच दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवली होतीस. मी नाचणी सत्त्व, मेतकूट आणि भाजलेला रवा घेते, खोलीत किटली असली की झालं. प्लग तिथे तीन चौकोनी पिनांचा लागतो, ॲडॅप्टर इथूनच घे. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ने, तापाचं, ओआरएस, आणि खोकल्याच्या औषधात कोडीन नाही ना ते त्यांना विचारून घे, तिथे ते असंच चालत नाही. इन्शुरन्स सगळ्यांचा काढा, मुलांचा आधी.

आता कामाचं. छोटूचा पासपोर्ट अजून काढलेला नाहीये, तो या महिन्यातच टाक. तुम्हा दोघांच्या सहीचं ते ॲनेक्शर डी, म्हणजे आई-वडिलांचं संमतीपत्र, लागतं, आणि चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपल्यालाच न्यावा लागतो, पांढऱ्या बॅकग्राऊंडचा. पांढऱ्या चादरीवर आडवा झोपवून वरून फोटो काढ, बसवून तो मान स्थिर ठेवणार नाही. बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय आणि निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत, तो आम्ही सोमवारी रिन्यूला देतोय. मग सगळ्यांचे व्हिसा, एजंटकडून एकत्रच करू. अरायव्हल कार्ड मात्र पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते सरकारी साईटवर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर ती साईट बंद कर.

मलेशिया, थायलंड पुढे होईल, छोटू पाच-सहा वर्षांचा झाला की. तेव्हा आम्ही आलो तर आलो.

तुझी,
आई

ता.क. भाऊबीजेचा फराळ सोबत न्यायचं म्हणत होतीस. चकल्या, शंकरपाळे चालतील. अनारसे आणि डिंकाचे लाडू नको, त्यात खसखस असते आणि अफूच्या बोंडातली म्हणून सिंगापुरात ती नेऊ देत नाहीत. तुझ्या सासूबाईंच्या चिवड्यात पण असते बहुतेक, त्यांना विचारून घे.