ज्यांची नावं घेता येत नाहीत, त्यांचे आभार

माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे, त्यात टीबी झाला. थुंकीत जंतू दिसेनात. एचआयव्ही असलेल्यांत असं बरेचदा होतं. नेहमीच्या गोळ्या चालू झाल्या, पण ताप हटेना. तेव्हा लॅबमधल्या ज्या ताईंनी ‘सीबीनॅट करूनच घ्या’ म्हणून नमुना पुन्हा मागितला, त्यांचे आधी आभार. जंतूंची जनुकं तपासणाऱ्या त्या चाचणीतच कळलं, टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागूच पडत नाही.

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या औषध खिडकीवरचे दादा, तुम्ही त्याची जुनी बाटली उजेडात धरून नाव वाचलंत. एचआयव्हीवरचं इफाविरेन्झ चालू राहिलं तर टीबीच्या नव्या औषधाचं, बेडाक्विलिनचं, रक्तातलं प्रमाण घटतं, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत आणि गोळी बदलून डोल्युटेग्राविर आलं. त्या एका मिनिटाचं ऋण कसं फेडू?

बेडाक्विलिन २४ आठवडे चाललं: पहिले २ आठवडे रोज ४ गोळ्या, मग आठवड्यातून तीनदा २. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतोय का, हे बघायला ईसीजी काढणाऱ्या सिस्टर दर वेळी जेल लावण्याआधी हात चोळून गरम करायच्या. सोबतच्या लिनेझोलिड या टीबीच्या औषधाने तळपाय बधिर झाले, तेव्हा शेजारच्या मावशी, काहीही न विचारता, जिना उतरताना त्याचा दंड धरायच्या.

काल तो एकटा उतरला. मावशी दारातच उभ्या होत्या.